अंगणवाडीचा खर्च आणि गावाचा वाटा

सहा वर्षांखालच्या मुलांचे पोषण, आरोग्य आणि शाळेआधीचे शिक्षण यांसाठी महाराष्ट्रातली सर्वांत मोठी सरकारी व्यवस्था म्हणजे अंगणवाडी. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. बहुतेक वाड्या-वस्त्यांवर सरकार मुलाला पहिल्यांदा भेटते ते शाळेत नव्हे, अंगणवाडीत. या व्यवस्थेचा खर्च मात्र एका तिजोरीतून होत नाही. सेविका आणि मदतनीस यांचे मानधन केंद्र व राज्य मिळून देतात. आहाराचा खर्च दोघे निम्मानिम्मा उचलतात. इमारत बांधायची तर रोजगार हमी, वित्त आयोग आणि महिला व बालविकास विभाग अशा तीन ठिकाणचा पैसा एकत्र आणावा लागतो. छप्पर गळू लागले, वजनकाटा बिघडला, पाण्याची टाकी फुटली किंवा मुलांना खेळणी हवी असली, तर सेविका जाते ती ग्रामपंचायतीकडे नाहीतर जिल्हा परिषदेकडे.

एकूण खर्चात स्थानिक स्वराज्य संस्थांचा वाटा लहान आहे. तरीही अंगणवाडीतले मूल कोरड्या जमिनीवर बसते की ओल्या, त्याला स्वच्छतागृह मिळते की नाही, त्याचे वजन दर महिन्याला नीट होते की नाही, हे बऱ्याच अंशी याच वाट्यावर ठरते. हा पैसा येतो कुठून, कोणत्या नियमाने येतो आणि कुठे अडतो, हे म्हणूनच प्रत्येक पालकाला आणि ग्रामसभेच्या प्रत्येक सदस्याला माहीत असायला हवे.

बोर्डीच्या अंगणापासून देशभर

अंगणवाडीची कल्पना महाराष्ट्राच्या मातीतली आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत गुजरातमधल्या भावनगरला बालशिक्षणाचे काम केले आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. दलित आणि आदिवासी वस्त्यांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, हे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. पाने, दगड, बिया, शंख-शिंपले अशा आसपास मिळणाऱ्या वस्तू शिक्षणाची साधने झाली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हे सारे संस्थेच्या बळावर, देणग्या आणि तुटपुंज्या अनुदानांवर उभे होते. लहान मुलांच्या शिक्षणाचा खर्च ही सरकारची नियमित जबाबदारी आहे, अशी समजूत तेव्हा रुजलेली नव्हती.

ही जबाबदारी सरकारने घेतली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी. त्या दिवशी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. मुंबईतली धारावी आणि मेळघाटातले धारणी ही महाराष्ट्रातली सुरुवातीची ठिकाणे. पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, रुग्णालयाकडे पाठवणी आणि मातांसाठी पोषण-आरोग्य शिक्षण या सहा सेवा एकाच जागी मिळाव्यात, अशी योजनेची रचना होती. आजही ती तशीच आहे.

योजना सर्व वस्त्यांपर्यंत पोहोचायला मात्र तीन दशके लागली, आणि तिथे न्यायालयाचा रेटा महत्त्वाचा ठरला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २००६ मध्ये आदेश दिले. देशात १४ लाख अंगणवाड्या उभ्या कराव्यात आणि ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असूनही अंगणवाडी नाही, तिथे लोकांनी मागणी केल्यास ती द्यावी, असे न्यायालयाने बजावले.

कायद्याची चौकट

सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा संविधानाच्या कलम २१-अ नुसार मूलभूत हक्क आहे. सहा वर्षांखालच्या मुलांची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने या कलमाला आजचे रूप दिले. मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत बालसंगोपन आणि शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. कलम ४५ हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे पालकाला थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही शाळापूर्व शिक्षणाची सोय सरकार करू शकते, एवढेच म्हटले आहे.

आहाराच्या बाबतीत कायदा अधिक भक्कम आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा पूरक आहार हा हक्क ठरवला. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत सकाळचा खाऊ आणि गरम ताजे जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे मूळ कायद्यात ठरले. कुपोषित मुलासाठी हे प्रमाण ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने इतके होते. लहान मुलाचा खाऊ कायद्याने बांधलेला आहे आणि त्याचे शिक्षण सरकारच्या इच्छेवर सोडलेले आहे, अशी ही विषम स्थिती आहे. निधीची विभागणीही त्याच वळणाने गेली आहे.

स्थानिक संस्थांची भूमिका ठरली ती १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी. ७३ व्या दुरुस्तीने आलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत, आणि त्यांत महिला व बालविकास हा स्वतंत्र विषय आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतल्या १८ विषयांत तो नाही. त्यामुळे गावात अंगणवाडी आणि पंचायत यांचे नाते कायद्याने जुळले, शहरात ते सैल राहिले.

मुख्य प्रवाह: केंद्र आणि राज्य

अंगणवाडीच्या चालू खर्चाचा बहुतांश भाग केंद्र आणि राज्य सरकारकडून येतो. महाराष्ट्रासारख्या राज्यात पूरक आहाराचा खर्च दोघांत ५०:५० वाटला जातो. इतर खर्चाचे प्रमाण एकेकाळी ९०:१० होते, म्हणजे शंभरातले नव्वद रुपये केंद्र देत असे. २०१५-१६ मध्ये ते ६०:४० झाले. २०२१ नंतर ही योजना 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण २.०' या नावाने चालते, पण वाटपाचे सूत्र तेच आहे.

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होते. २०१७ मध्ये ठरलेल्या दरानुसार सर्वसाधारण मुलामागे दिवसाला ८ रुपये, तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये आणि गरोदर किंवा स्तनदा मातेमागे साडेनऊ रुपये आहारासाठी धरले गेले. वर्षातले ३०० दिवस आहार द्यायचा, म्हणजे एका मुलामागे वर्षाला २,४०० रुपये. चाळीस मुलांच्या अंगणवाडीचा आहारखर्च ९६ हजार रुपयांवर येतो. त्यातले निम्मे केंद्राचे. डाळी, तेल आणि इंधन यांचे भाव चढत गेले तरी हा दर वर्षानुवर्षे तसाच राहिला. तो योग्य प्रमाणात वाढवण्याची घोषणा केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात झाली.

मानधनाचे गणित वेगळे आहे. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन दरमहा ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरवले. यातलाही ६० टक्केच भाग केंद्राचा, म्हणजे सेविकेमागे २,७०० रुपये. त्यावरची वाढ पूर्णपणे राज्याची. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून सेविकेला १० हजार आणि मदतनिसाला साडेपाच हजार रुपये मिळू लागले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभर दीर्घ संप झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून सेविकेचे मानधन १३ हजार आणि मदतनिसाचे साडेसात हजार झाले. प्रोत्साहन भत्ता याशिवाय. तेरा हजारांतला केंद्राचा वाटा २,७०० रुपयांचाच असेल, तर उरलेले १०,३०० रुपये राज्य देते. म्हणजे ज्या कामाला केंद्राची योजना म्हटले जाते, त्यातल्या माणसांचा खर्च मुख्यतः राज्य उचलते.

सेविका सकाळी मुलांना शिकवते, दुपारी गृहभेटी देते, पोषण ट्रॅकर अॅपवर नोंदी भरते आणि लसीकरणाच्या दिवशी आरोग्य विभागाच्या सोबत उभी राहते. तरी कायद्याच्या भाषेत ती मानधनावरची कार्यकर्ती आहे, नियमित कर्मचारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निर्णय दिला. त्यांच्या कामाचे मोल मान्य करणारे ते महत्त्वाचे पाऊल होते.

जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण भागातली एकात्मिक बालविकास योजना त्यांच्यामार्फत चालते. जिल्ह्याला महिला व बालकल्याण विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्या हाताखाली पर्यवेक्षिका आणि गावात सेविका अशी ही साखळी आहे. लोकप्रतिनिधींच्या बाजूने महिला व बालकल्याण समिती या कामावर लक्ष ठेवते.

या रचनेतून येणारा पैसा बहुतेक राज्याचाच असतो. जिल्हा परिषद तो खर्च करते, पण कशावर करायचा हे वरूनच ठरलेले असते. तिचा खरा स्वतःचा पैसा म्हणजे स्वनिधी, बोलीभाषेत 'सेस'. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला हिस्सा, ठेवींवरचे व्याज यांतून तो जमतो. या स्वनिधीतला १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी राखायचा, असा नियम आहे. ग्रामपंचायतीलाही घरपट्टी, बाजार फी यांसारख्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के याच कामासाठी खर्च करावे लागतात.

नियम चांगला आहे, पण त्याच्या पोटात एक अडचण आहे. महिला आणि बालक एकाच लेखाशीर्षात आहेत. शिलाई यंत्रे, पिठाच्या गिरण्या, मुलींच्या सायकली, संगणक प्रशिक्षण आणि आदर्श सेविका पुरस्कार हे सारे त्याच १० टक्क्यांतून होते. ही कामे गरजेचीच आहेत. पण वस्तू मिळालेली बाई मतदार असते, तीन वर्षांचे मूल नसते. वैयक्तिक लाभाच्या योजनांना मागणी मोठी असते आणि अंगणवाडीच्या फरशीसाठी बोलायला सहसा सेविकेशिवाय कोणी नसते. त्यामुळे याच रकमेत मुलांचा हिस्सा वेगळा ठरवून ठेवणाऱ्या पंचायती आणि न ठरवणाऱ्या पंचायती यांच्या अंगणवाड्यांत फरक पडतो.

दुसरी अडचण उत्पन्नातल्या तफावतीची. औद्योगिक वसाहतीशेजारच्या ग्रामपंचायतीला कारखान्यांच्या करातून मोठे उत्पन्न मिळते. डोंगरातल्या लहान ग्रामपंचायतीची घरपट्टी वर्षाला दोन लाख रुपये जमली असे धरले, तर १० टक्के म्हणजे वीस हजार रुपये. त्या गावात तीन वाड्यांवर तीन अंगणवाड्या असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला सात हजारही येत नाहीत. जिथे कुपोषण जास्त तिथेच पंचायत गरीब, हा योगायोग नाही. दोन्हींचे मूळ एकाच दारिद्र्यात आहे. केवळ स्वउत्पन्नाच्या टक्केवारीवर विसंबलेली व्यवस्था ही दरी भरून काढू शकत नाही.

ती दरी काही प्रमाणात वित्त आयोगाच्या निधीने भरते. चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०१५ ते २०२०, पूर्ण अनुदान थेट ग्रामपंचायतींना मिळू लागले. महाराष्ट्राने 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून प्रत्येक ग्रामपंचायतीला विकास आराखडा करायला लावला आणि त्यात महिला व बालविकासासाठी १० टक्क्यांची अपेक्षा ठेवली. अनेक गावांच्या अंगणवाड्यांना याच काळात पहिल्यांदा रंग, बाके, पाण्याचे फिल्टर आणि वजनकाटे मिळाले. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही वाटा दिला. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला ८०, तर वरच्या दोन्ही स्तरांना प्रत्येकी १० टक्के असे वाटप झाले. मात्र यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्के अबंधित निधीतून रस्ते, गटारे, दिवे आणि अंगणवाडी या सगळ्यांना भागवायचे होते. बंधित निधीतूनही अंगणवाडीचे स्वच्छतागृह आणि नळजोडणी होऊ शकते. ज्या ग्रामसेवकांनी आणि सरपंचांनी हे ओळखले, त्यांनी तो निधी तिथपर्यंत नेला. पगार किंवा मानधन मात्र या अनुदानातून देता येत नाही. त्यामुळे पंचायत वस्तू देऊ शकते, जादा हात देऊ शकत नाही.

इमारतीसाठी पोषण २.० मध्ये १२ लाख रुपयांचा खर्च धरला गेला. त्यातले ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आणि २ लाख महिला व बालविकास विभागाकडून घ्यायचे ठरले. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तीन खात्यांच्या मंजुऱ्या, तीन वेगळ्या हप्त्यांचे वेळापत्रक आणि मजुरी-साहित्याचे प्रमाण सांभाळावे लागते. एक हप्ता अडला की भिंती उभ्या राहतात आणि छप्पर थांबते.

याशिवाय दोन स्रोत उपयोगी आहेत. जिल्हा वार्षिक योजनेतला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचे धोरण राज्याने घेतले आहे. आदिवासी भागात पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. याच भागात २०१५ पासून आदिवासी विकास विभागाच्या पैशातून अमृत आहार योजना चालते. तिच्यातून गरोदर व स्तनदा मातांना चौरस जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी दिली जातात.

शहरांचे वेगळे दुखणे

शहरी भागातले प्रकल्प जिल्हा परिषदेकडे नसतात. ते राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा आयुक्तालयाच्या अखत्यारीत चालतात. महापालिकेची शाळा, दवाखाना आणि पाणी महापालिकेचे, पण त्याच वस्तीतली अंगणवाडी राज्याची, अशी ही विभागणी आहे. महापालिका आणि नगरपालिकांनीही महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के निधी राखावा, असे निर्देश आहेत. शिवाय मुंबई, पुण्यासारख्या महापालिका स्वतःच्या बालवाड्या चालवतात. पण अंगणवाडी आपली मानली जात नसल्यामुळे हा पैसा तिच्याकडे क्वचितच वळतो.

शहरातला सर्वांत मोठा प्रश्न जागेचा. केंद्राच्या निकषांत भाड्यासाठी दरमहा ठरावीक रक्कम धरली आहे. मुंबईच्या झोपडपट्टीत मुलांना नाचता-खेळता येईल अशी खोली या भाड्यात मिळणे कठीण आहे. परिणामी अंगणवाडी एखाद्या पोटमाळ्यावर किंवा दहा फुटी खोलीत भरते. महापालिकेच्या शाळांत पटसंख्या घटल्याने रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या अंगणवाडीला दिल्या, तर भाड्याचा प्रश्न सुटतो आणि मूल पुढे त्याच शाळेत पहिलीला जाते. यासाठी नव्या पैशापेक्षा दोन खात्यांमधल्या कराराची जास्त गरज आहे.

पाळणाघराची उणीव

अंगणवाडी दिवसातले काही तास भरते आणि तीन वर्षांखालच्या मुलांना ती सांभाळत नाही. त्यांचा आहार घरी नेण्यासाठी दिला जातो. शेतमजूर, घरकामगार किंवा बांधकामावरच्या बाईसमोरचा प्रश्न तसाच राहतो. ती दिवसभर कामावर असताना दीड वर्षाचे मूल कोणाकडे ठेवायचे? पुष्कळ घरांत ते मोठ्या बहिणीकडे सोपवले जाते आणि बहिणीची शाळा सुटते.

रोजगार हमीच्या कायद्यात याची दखल होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका महिलेची नेमणूक करून तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. ती फार थोड्या ठिकाणी पाळली गेली. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना आली. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ मध्ये 'कूसिन मने' या नावाने ग्रामपंचायत पातळीवर पाळणाघरे काढायला सुरुवात केली आणि ४ हजार ग्रामपंचायतींचे लक्ष्य ठेवले. जागा पंचायतीची आणि सांभाळणाऱ्या बायका गावातल्याच, ही रचना महाराष्ट्रातल्या पंचायतींनाही जमण्यासारखी आहे.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचा प्रश्न आणखी बिकट आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्यात परततात. मुलाची नोंद गावच्या अंगणवाडीत असते आणि मूल उसाच्या फडावर. पैसा नोंदीमागे जातो. मुलामागे जाण्यासाठी ज्या गावात ते पाच महिने राहते, तिथल्या अंगणवाडीने त्याला तात्पुरते दाखल करून घ्यावे लागते आणि त्या गावच्या पंचायतीने त्याला आपले मानावे लागते.

पैसा कुठे अडतो

निधी मंजूर होणे आणि तो हातात पडणे यांत अंतर असते. गरम ताजा आहार बहुतेक ठिकाणी महिला बचत गट शिजवतात. देयक दोन-तीन महिने थकले, तर किराणा उधारीवर आणावा लागतो आणि ती उधारी गटातल्या बायकांच्या नावावर असते. मोठ्या कंत्राटदाराला हा उशीर झेपतो, बचत गटाला झेपत नाही. त्यामुळे वेळेवर पैसे देणे हा विकेंद्रीकरणाचाच एक भाग आहे.

घरपोच आहाराच्या बाबतीत खरेदी मोठ्या कंत्राटदारांकडे गेल्याचा कडू अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. आहारपुरवठ्यात खासगी कंत्राटदार नकोत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले होते. तरीही निविदांच्या अटी अशा राहिल्या की गावपातळीवरचे गट स्पर्धेत टिकूच शकत नव्हते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याची सुमारे ६,३०० कोटी रुपयांची निविदा प्रक्रिया याच कारणासाठी रद्द केली. स्थानिक पातळीवर खर्च करायचा असे धोरण असूनही खरेदी वर एकवटली, तर गावाकडे नुसती पाकिटे येतात आणि निर्णय येत नाही, हा त्यातला धडा.

लोकप्रतिनिधी नसल्याचाही फटका बसतो. २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर पुढची काही वर्षे प्रशासक होते. महिला व बालकल्याण समितीच नसल्यामुळे सेसच्या निधीतून अंगणवाडीसाठी भांडणारा सदस्य नव्हता.

खर्चाचा परिणाम दिसतो का, हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. रिक्त पदे भरणे, नियमित वजन घेणे आणि मुलाच्या पहिल्या हजार दिवसांवर लक्ष देणे यांवर भर आला. दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने कमी उंचीचे, प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात सुमारे २३ टक्क्यांवर आले. त्यानंतर मात्र गती मंदावली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५ टक्के मुले खुजी आढळली. आधीच्या फेरीतला आकडा जवळपास तेवढाच होता. पैसा, माणसे आणि देखरेख एकत्र आली तर फरक पडतो, आणि रेटा सैल झाला तर सुधारणा जागच्या जागी थांबते.

इतरांनी काय केले

केरळने १९९६ च्या लोकयोजना अभियानात राज्याच्या योजना निधीतला सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला. अंगणवाड्याही त्यांच्याकडे आल्या. पूरक आहाराच्या खर्चाचा मोठा भाग तिथे पंचायती आणि नगरपालिका आपल्या योजना निधीतून करतात. जागा मिळवणे आणि इमारत बांधणे यांतही त्यांचा पुढाकार असतो. तिथल्या पंचायत सदस्याला आपल्या प्रभागातल्या अंगणवाडीबद्दल मतदारांना उत्तर द्यावे लागते, कारण खर्चाचा अधिकार त्याच्याकडे आहे.

युरोपातल्या काही देशांत ही जबाबदारी पूर्णपणे नगरपालिकांची आहे. डेन्मार्कमध्ये पाळणाघरे आणि बालवाड्या नगरपालिका चालवतात आणि पालकांकडून खर्चाच्या जास्तीत जास्त २५ टक्के शुल्क घेऊ शकतात. स्वीडनने २००२ मध्ये पालकांच्या शुल्कावर कमाल मर्यादा घातली. तिथल्या नगरपालिकांना स्वतःचा आयकर लावता येतो, त्यामुळे त्यांना हे पेलते. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीकडे तसे उत्पन्न नाही. म्हणून इथे जबाबदारीसोबत वरून हक्काचा निधी खाली यायला हवा.

ग्रामसभेच्या हातात काय आहे

शाश्वत विकासाची उद्दिष्टे गावपातळीवर आणण्यासाठी पंचायतींसाठी जे नऊ विषय ठरले आहेत, त्यांत बालस्नेही गाव हा एक आहे. दरवर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा त्यातल्या काही नोंदी पालकांनी आवर्जून पाहाव्यात. स्वउत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च झाले का, आणि त्यातले मुलांसाठी किती? वित्त आयोगाच्या बंधित निधीतून अंगणवाडीला पाणी आणि स्वच्छतागृह मिळाले का? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला मिळणारे १० हजार रुपये कशावर गेले? इमारतीचा प्रस्ताव कोणत्या खात्याकडे थांबला आहे? बचत गटाचे देयक किती महिन्यांचे थकले आहे? ही माहिती ग्रामपंचायतीत आणि प्रकल्प कार्यालयात असते आणि ती मागण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे.

राज्याकडून तीन गोष्टी व्हायला हव्यात. महिला व बालकल्याणाच्या निधीत सहा वर्षांखालच्या मुलांचा हिस्सा वेगळा ठरवावा. कमी उत्पन्नाच्या पंचायतींना त्यासाठी पूरक अनुदान द्यावे. शहरातल्या अंगणवाडीच्या जागेची जबाबदारी महापालिका आणि नगरपालिकांवर स्पष्टपणे टाकावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. या टप्प्यातली पहिली तीन वर्षे अंगणवाडीत जातात. पहिलीच्या वर्गाला इमारत आणि शिक्षक देणे हे सरकारला जसे टाळता येत नाही, तसेच या तीन वर्षांनाही जागा, साहित्य आणि पुरेसे हात देणे अटळ मानले गेले, तरच गरीब घरातले मूल पहिलीच्या दारात इतरांच्या बरोबरीने उभे राहील.